लहान मुलांचा खेळ: वेळ, जागा, वस्तू आणि आपली सोबत

दहा महिन्यांचं मूल उंच खुर्चीत बसून चमचा खाली टाकतं. आपण तो उचलून देतो. ते पुन्हा टाकतं आणि वाकून बघतं. आठव्या-दहाव्या वेळी आपण वैतागतो. पण मुलाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं तर खोडकरपणापेक्षा कुतूहलच जास्त दिसतं. सोडला की हा दर वेळी खालीच जातो का? आवाज तोच येतो का? रुमाल टाकला तर आवाज का येत नाही? आणि आई दर वेळी उचलून देते का? वजन, आवाज, कार्यकारण आणि जवळच्या माणसाचा भरवसा, हे सगळं ते एका चमच्यावर तपासून बघत असतं.

पहिली पाच-सहा वर्षं मूल मुख्यतः असंच शिकतं. १९८९ साली संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या बालहक्क करारात ३१ वं कलम खेळाच्या हक्काचं आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली तर डॉक्टरांना असं सुचवलं की लहान मूल तपासायला आलं की पालकांना खेळाबद्दलही लिहून द्या, औषध लिहून देतो तसं.

तरी घरोघरी गोंधळ दिसतो. काही ठिकाणी खेळ म्हणजे अभ्यास संपल्यावर उरलेल्या वेळातली चैन. काही ठिकाणी उलट, प्रत्येक खेळण्यावर 'बुद्धी वाढवणारे' असं लेबल पाहिजे आणि प्रत्येक खेळातून काहीतरी शिकवलंच पाहिजे. मला दोन्ही पटत नाही. खेळाची सूत्रं मुलाच्या हातात राहिली तरच तो खेळ आणि तरच त्यातून शिकणं. मोठ्या माणसांकडे वेळ, जागा, वस्तू आणि सोबत एवढं सांभाळायचं काम उरतं. ते कसं करायचं, ते पायरीपायरीने पाहू.

खेळ कशाला म्हणायचं?

तीन प्रश्न विचारून बघा. हे मुलाने स्वतः निवडलंय का? कंटाळा आला तर ते सोडून जाऊ शकतं का? मध्येच 'आता हा डबा म्हणजे बस' असं म्हणून सगळा बेत बदलायची त्याला मुभा आहे का? तिन्हींना 'हो' असेल तर तो खेळ. समोर चित्रांची कार्डं धरून 'हे काय? ते काय?' विचारत बसलो, तर कार्डं कितीही रंगीत असली तरी ती तोंडी परीक्षाच असते. कधीमधी असं करायला हरकत नाही, फक्त ते खेळाच्या खात्यात धरू नका.

खेळताना काय काय घडत असतं

शरीराचं सगळ्यांना दिसतं. चढण्या-उतरण्याने तोल येतो, पळण्याने दम वाढतो. हाताच्या बाबतीत एक क्रम असतो आणि तो माहीत असलेला बरा. आधी खांदा आणि दंड बळकट होतात, मग मनगट, मग बोटं. माती मळणं, पाणी ओतणं, कापड पिळणं, चिमट्याने वस्तू उचलणं, झाडावर किंवा जाळीवर लोंबकळणं या सगळ्यातून पुढे पेन्सिल धरणारा हात तयार होतो. तीन वर्षांच्या मुलाला रेघांच्या वहीत अक्षरं गिरवायला बसवण्यापेक्षा त्याला दररोज पीठ मळायला दिलेलं जास्त उपयोगी पडतं.

लुटुपुटीच्या खेळात जे घडतं ते मात्र पटकन दिसत नाही. डॉक्टर झालेली चार वर्षांची मुलगी बाहुलीला इंजेक्शन देते तेव्हा तिला एकाच वेळी बरंच सांभाळावं लागतं. डॉक्टर कसे बोलतात ते आठवायचं, स्वतःचं नेहमीचं बोलणं बाजूला ठेवायचं, हातातली काडी म्हणजे सुई हे धरून चालायचं, आणि 'आता मी पेशंट' म्हणणाऱ्या भावाला त्याची पाळी द्यायची. मनाला आवर घालणं, लक्षात ठेवणं, दुसऱ्याच्या जागी जाऊन पाहणं, या शाळेत आणि पुढे जन्मभर लागणाऱ्या गोष्टींचा इथे रोज सराव होतो. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की म्हणत असत की खेळात मूल स्वतःपेक्षा डोकंभर उंच असतं. एरवी दोन मिनिटं एका जागी न बसणारं मूल 'मी पुतळा आहे' म्हणून कसं निश्चल उभं राहतं, ते एकदा पाहिलं की हे लगेच पटतं.

भीती आणि दुःखही मुलं खेळातूनच हाताळतात. दवाखान्यातून आलेलं मूल आठवडाभर सगळ्या घराला सुया टोचत फिरतं. त्याला थांबवू नका. जे त्याच्यावर बेतलं, ते आता त्याच्या ताब्यात आलंय.

पायरी पहिली: आधी नुसतं बघा

काहीही विकत घेण्याआधी, काहीही ठरवण्याआधी, दररोज दहा-पंधरा मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवून मुलाजवळ जमिनीवर बसा आणि बघत राहा. शिकवू नका, सुचवू नका, फोटोही काढू नका. आठवडाभरात लक्षात येईल की मूल एकच हालचाल निरनिराळ्या वस्तूंवर करून बघतंय. स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे यांनी स्वतःच्या मुलांचं असंच बारकाईने निरीक्षण केलं होतं आणि मूल कृतीतून विचाराचे साचे घडवतं हे त्यातूनच मांडलं.

हे साचे ओळखता आले की निम्मी कटकट मिटते. कुणी सतत वस्तू फेकतं. त्याला 'फेकू नको' म्हणून उपयोग नाही, त्याला फेकायचंच आहे. कापडी चेंडू आणि रिकामी टोपली द्या, 'काच नाही, चेंडू फेकायचा' एवढी एक मर्यादा घाला. कुणी सगळं गुंडाळतं, झाकतं, चादरीखाली लपतं. त्याला ओढण्या, खोके, झाकणाचे डबे द्या. कुणी पिशवीत सामान भरून या खोलीतून त्या खोलीत वाहत राहतं. त्याला हातगाडी किंवा दोरी बांधलेलं खोकं पुरेल. कुणी जे दिसेल ते फिरवतं: चाकं, झाकणं, नळ. त्याला झाकणं उघडायच्या बाटल्यांचा संच द्या. हट्ट वाटत होता तो अभ्यासक्रम असतो, आणि तो मुलाने स्वतः आखलेला असतो.

पायरी दुसरी: सलग वेळ

खेळ रंगायला वेळ लागतो. तीन-चार वर्षांच्या मुलांचा लुटुपुटीचा खेळ 'तू कोण, मी कोण, हे काय' ठरवण्यातच बराच वेळ घेतो, आणि नेमका रंगात येतो तेव्हा 'चला, आवरा' होतं. म्हणून दिवसातून किमान एकदा पाऊण-एक तासाचा सलग, रिकामा वेळ मोकळा ठेवा. दर वीस मिनिटांनी नवा कार्यक्रम आखलेला दिवस मुलाला धावपळ देतो, खेळ देत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यातले आकडे जवळ ठेवण्यासारखे आहेत. अजून रांगत नसलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं पोटावर ठेवावं. १ ते ४ वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, आणि ३-४ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत त्यातली ६० मिनिटं तरी दम लागेल अशी असावीत. गाडीत, खुर्चीत किंवा पाठीशी बांधून मुलाला एका वेळी तासाभरापेक्षा जास्त अडकवून ठेवू नये. १८० मिनिटं ऐकायला खूप वाटतात, पण मुलाला मोकळं सोडलं तर ती आपोआप भरतात. मोजायची वेळ येते ती आपणच त्याला बसवून ठेवतो तेव्हा.

खेळ थांबवायचा असेल तर पाच मिनिटं आधी सांगा, आणि घड्याळाच्या भाषेत सांगू नका. चार वर्षांच्या मुलाला 'पाच मिनिटं' कळत नाहीत, 'अजून दोनदा घसरगुंडी, मग निघू' हे कळतं. अर्धवट राहिलेलं बांधकाम मोडायला लावू नका. खोलीच्या कोपऱ्यात ते रात्रभर राहू द्या, सकाळी उठल्याउठल्या मूल तिथेच जाईल आणि काल जिथे थांबलं तिथून पुढचा विचार करेल.

'मला कंटाळा आला' हे ऐकलं की लगेच धावू नका. 'हं, कंटाळा आलाय खरा' एवढं म्हणून आपल्या कामाला लागा. चिडचिडीची ती थोडी मिनिटं आपण सोसली की बहुतेक वेळा मूल कशात तरी गुंततं.

पायरी तिसरी: जागा

वेगळी खोली नको. जमिनीवरचा एक कोपरा, मुलाच्या हाताला येईल असं बुटकं कपाट किंवा दोन खोकी, आणि 'इथे पसारा चालेल' अशी घरातल्या सगळ्यांची सहमती एवढं पुरे. लहान मुलाला आपण दिसत राहिलो तरच ते निश्चिंत खेळतं. त्यामुळे सजवलेल्या पण लांबच्या खोलीपेक्षा स्वयंपाकघराच्या दाराशी अंथरलेली सतरंजी जास्त वापरली जाते.

सुरक्षिततेचं मात्र काटेकोरपणे करा, म्हणजे मग दिवसभर 'नको, नको' म्हणावं लागत नाही. तीन वर्षांखालच्या मुलाच्या आसपास ३ सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान जाडीची वस्तू नको. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जे आरपार जातं ते घशात अडकू शकतं, अशी सोपी चाचणी आहे. नाण्यासारख्या चपट्या बटण-बॅटऱ्या सगळ्यांत घातक. गिळल्या गेल्या तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, म्हणून शंका आली तरी वाट न बघता रुग्णालय गाठा. छोटी शक्तिशाली चुंबकंही तशीच, एकाहून जास्त पोटात गेली तर आतडी चिमटतात. फुटलेले फुगे, गळ्यात अडकेल अशी दोरी, भिंतीला न ठोकलेली कपाटं हेही तपासा. पाण्याच्या खेळात क्षणभरही हलू नका, लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं.

पायरी चौथी: वस्तू कमी, शक्यता जास्त

अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी दुडदुडणाऱ्या वयाच्या मुलांना एकदा ४ खेळणी दिली आणि एकदा १६. चारच खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि ते खेळणं जास्त तऱ्हांनी वापरून पाहिलं. घरात हे करणं अवघड नाही. असलेल्या खेळण्यांचे तीन-चार भाग करा, एक बाहेर ठेवा, बाकीचे कपाटावर. आठवड्या-दोन आठवड्यांनी अदलाबदल करा. विसरलेलं खेळणं परत आलं की नवं होऊन येतं. मुलाचं लाडकं बोचकं किंवा बाहुली मात्र या अदलाबदलीतून वगळा.

दुसरी गोष्ट बोलणाऱ्या, दिवे लागणाऱ्या खेळण्यांची. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १० ते १६ महिन्यांच्या बाळांशी पालक खेळत असताना त्यांच्या तोंडचे शब्द मोजले गेले. बॅटरीची खेळणी असताना पालक कमी बोलले, बाळांचे हुंकारही कमी झाले. साधी खेळणी आणि पुस्तकं असताना संवाद वाढला. कारण उघड आहे. खेळणंच बोलायला लागलं की माणसं गप्प होतात. बाळाला भाषा येते ती माणसाच्या तोंडून, आणि तीही आपल्या हुंकाराला उत्तर म्हणून आलेली.

मग द्यायचं काय? १९७१ साली ब्रिटिश कलावंत सायमन निकल्सन यांनी सुट्या वस्तूंचा विचार मांडला. जितक्या वस्तू हलवता, जोडता, मोडता, पुन्हा रचता येतील तितकी कल्पकतेला जागा, असं त्यांचं म्हणणं. खोकी, पुठ्ठ्याच्या नळ्या, कापडाचे तुकडे, डबे-झाकणं, काठ्या, दगड, पानं, दोरी, वाळू, पाणी. विमानासारखं हुबेहूब दिसणारं खेळणं विमानच राहतं. खोकं सकाळी विमान, दुपारी दुकान आणि संध्याकाळी मांजराचं घर होतं.

विकत एकच गोष्ट घ्यायची असेल तर मी लाकडी ठोकळे सुचवीन, एकाच मापाच्या पटीतले आणि भरपूर. अमेरिकन शिक्षिका हॅरिएट जॉन्सन यांनी १९३३ साली मुलं ठोकळ्यांशी कशी वागतात त्याच्या पायऱ्या नोंदवल्या, आणि आजही त्या तशाच दिसतात. आधी मूल ठोकळे नुसते वाहून नेतं, बांधत नाही. मग एकावर एक किंवा एकापुढे एक रचतं. मग एक दिवस दोन ठोकळे उभे करून त्यावर तिसरा आडवा ठेवतं, आणि पूल होतो. हा क्षण चुकवू नका. आधीच्या प्रयत्नांत दोन्ही खांब फार लांब ठेवलेले असतात, वरचा ठोकळा मधून पडतो. मूल त्याकडे बघतं, पुन्हा ठेवतं, पुन्हा पडतो. कधी ते लांब ठोकळा शोधायला जातं, कधी खांब जवळ सरकवतं. तुमचा हात पुढे जाईल, तो मागे घ्या. कारण 'अंतर आणि लांबी यांचा मेळ बसायला हवा' हे त्याला तिथेच, पडलेल्या ठोकळ्यातून कळणार आहे. पुढे चारी बाजूंनी कुंपण होतं, आत-बाहेर कळतं. मग दोन्ही बाजू सारख्या करण्याची ओढ लागते. मग बांधलेल्याला नावं मिळतात, आणि चार-पाच वर्षांच्या सुमारास आधी ठरवून बांधणं येतं, 'मी आता स्टेशन करणार' असं. पायरी ओळखली की अपेक्षाही रास्त राहतात. ठोकळे नुसते वाहणाऱ्या दोन वर्षांच्या मुलासमोर मनोरा बांधून 'असा कर' म्हणायची गरज उरत नाही.

कोड्याचे तुकडे जुळवण्याचा खेळही असाच गुणी. २ ते ४ वर्षांच्या वयात घरी कोडी जुळवणारी मुलं साडेचार वर्षांची झाल्यावर आकृत्या मनात फिरवून बघण्यात सरस दिसली, असं २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. गणितात पुढे ही नजर लागते.

पायरी पाचवी: सोबत, पण बेताची

ही पायरी सर्वांत अवघड. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बालवाडीच्या वयाच्या मुलांपुढे नळ्यांचं एक अनोळखी खेळणं ठेवलं. त्यात चार गमती लपलेल्या होत्या: एक नळी ओढली की चीं आवाज, एकीकडे दिवा, एकीकडे सूर, एकीत आरसा. काही मुलांना मोठ्या माणसाने 'बघ, हे असं चालतं' म्हणून आवाजाची नळी ओढून दाखवली. ती मुलं मुख्यतः तीच नळी ओढत राहिली आणि लवकर थांबली. ज्यांना असं मुद्दाम शिकवलं नव्हतं त्यांनी जास्त वेळ खेळून बाकीच्या गमतीही शोधल्या. मुलं मोठ्यांवर विश्वास ठेवतात. आपण एक गोष्ट दाखवली की ती धरून चालतात की दाखवण्यासारखं एवढंच होतं.

म्हणून नवी वस्तू देताना काही न बोलता ठेवा. मूल खेळायला लागलं की शेजारी बसा. त्याने तुमच्याकडे पाहिलं, काही दाखवलं, हुंकार दिला की उत्तर द्या आणि मग थांबा. त्याचं पुढचं पाऊल येऊ द्या. हे देणं-घेणं बाळाच्या वाढत्या मेंदूसाठी फार मोलाचं असतं. बोलताना प्रश्नांची सरबत्ती करण्यापेक्षा दिसतं ते सांगा. 'लाल गाडी उतारावरून खाली आली', 'तू मोठा डबा छोट्यात घालून बघतोयस'. प्रश्न विचारलाच तर ज्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नाही असा विचारा. 'हा कुठला रंग?' याचं उत्तर दोघांनाही ठाऊक असतं.

एक नमुना बघा. मुलगी म्हणते, 'आई, तू बाळ.' आई खाली बसते. 'बरं. बाळ काय करतंय?' 'रडतंय.' आई रडते. 'नाही, असं नाही, हळू.' आई हळू रडते. 'आता तू झोप.' आई डोळे मिटते आणि गप्प राहते. मुलगी पांघरूण घालते, बडबडत राहते, लोरी म्हणते. आईने यात स्वतःहून काही आणलं नाही, दिलेली भूमिका नीट केली. इथे 'बाळाला किती बोटं असतात सांग बरं?' असं विचारलं असतं तर खेळ तिथेच मोडला असता.

मूल अडलं तर मदत थेंबाथेंबाने करा. आधी थांबा. मग 'अवघड आहे ना हे' एवढं म्हणा. मग एखादा इशारा, 'फिरवून बघायचं का?' त्यानेही नाही झालं तर अर्धं करून द्या आणि शेवटचा तुकडा त्यालाच बसवू द्या. शेवटचा तुकडा आपण बसवायचा नाही.

बक्षिसाच्या बाबतीतही जपून. १९७३ सालचा एक गाजलेला प्रयोग आहे. चित्रं काढायला मुळात आवडणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना 'चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल' असं आधी सांगितलं. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. आपल्या 'वा, छान!' या शब्दांचंही थोडंफार असंच होतं. त्याऐवजी 'इथे तू निळ्यावर पिवळा दिलास' असं म्हटलं की मूल आपल्या कौतुकाकडे न बघता आपल्या चित्राकडे बघतं.

वय बदलतं तसा खेळ

पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत उत्तम खेळणं म्हणजे तुमचा चेहरा आणि आवाज. आठव्या महिन्याच्या आसपास वस्तू दिसेनाशी झाली तरी ती असतेच हे बाळाला उमगू लागतं, म्हणून तेव्हा बुवा-कुक कितीही वेळा केलं तरी पुरत नाही. वर्षाच्या पुढे भरा-ओता, उघडा-मिटा. रिकाम्या कपातून पिण्याचं पहिलं सोंगही तेव्हाच येतं, मग तो कप बाहुलीच्या तोंडाला लागतो, आणि दोनच्या सुमारास ठोकळ्याचा फोन होतो. तीन ते पाच हा भातुकलीचा आणि सोंगांचा सुवर्णकाळ, त्यात वर्ग आणि शिकवण्या भरू नका. पाचनंतर नियमांचे खेळ आवडू लागतात. हरल्यावर रडू येतं, नियम बदलावेसे वाटतात. त्याला लबाडी समजू नका, नियम म्हणजे काय हे ते चाचपून बघतंय.

ज्या मुलांना चालता येत नाही, कमी दिसतं किंवा ऐकू येतं, त्यांनाही हा सगळा खेळ हवा असतो. वस्तू हातापर्यंत आणा, खालचं बूड घट्ट चिकटवा म्हणजे घसरणार नाही, आवाजाचे आणि खरखरीत-मऊ पोताचे पर्याय वाढवा, आणि वाट जास्त वेळ बघा. अशा मुलांच्या दिवसात थेरपी इतकी भरली जाते की निव्वळ खेळ सर्वांत आधी कापला जातो. तो राखून ठेवा.

मस्ती, धोका आणि भांडणं

मुलं एकमेकांवर लोळतात, झोंबतात, 'मी सिंह' म्हणून डरकाळ्या फोडतात. हसरे चेहरे, पाळीपाळीने वर-खाली होणं, आणि एक थांबला की दुसराही थांबणं ही मस्तीची खूण. चेहरा आवळला, एक जण निसटू पाहतोय आणि दुसरा सोडत नाही, तर मध्ये पडा.

उंचीवर चढणं, उतारावरून पळणं यातही मुलाला आपला अंदाज स्वतः घ्यायला शिकायचं असतं. 'पडशील!' या ओरड्याने लक्ष विचलित होतं आणि कळत काही नाही. 'डावा पाय कुठे ठेवणार?', 'ती फांदी हलतेय का बघ' असं सांगा. मुलाला उचलून उंचावर बसवू नका. जिथे स्वतः चढता येतं तिथून बहुधा उतरताही येतं.

सोबत्यांबरोबरच्या खेळाबद्दल अपेक्षा फार लवकर ठेवली जाते. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली २ ते ५ वर्षांच्या मुलांचं निरीक्षण करून दाखवलं की मुलं आधी एकटी खेळतात किंवा दुसऱ्यांकडे नुसती बघतात, मग शेजारीशेजारी पण आपापलं खेळतात, आणि मिळून, ठरवून खेळणं नंतर येतं. दोन वर्षांच्या मुलाला 'शेअर कर' म्हणणं म्हणूनच निष्फळ ठरतं. एकसारख्या दोन वस्तू ठेवणं हा तिथला उपाय. चार वर्षांच्या मुलांच्या भांडणात निकाल देऊ नका. 'तुलाही गाडी हवी, तिलाही गाडी हवी, गाडी एकच. आता काय करायचं?' एवढं म्हणून थांबा. मुलं आपल्याला सुचणार नाहीत असे तोडगे काढतात आणि ते पाळतातही.

पडदा

जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच सूचनांनुसार दोन वर्षांखाली पडदा (टीव्ही, मोबाइल) नको, आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी तितका बरा. पण मुलासाठी लावलेल्या पडद्याइतकाच मोठ्यांसाठी लावलेला पडदाही बाधतो. १ ते ३ वर्षांच्या मुलांवर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात खोलीत मोठ्यांचा कार्यक्रम नुसता चालू होता, मुलं त्याकडे क्वचितच बघत होती, तरी त्यांच्या खेळाचे पल्ले तोकडे झाले. म्हणून मूल खेळत असताना टीव्ही बंद, हा एकच नियम पाळला तरी फरक पडेल.

अक्षरं आणि अंक कधी?

खेळात ते येतातच. दुकान-दुकान खेळताना पाटी लिहावीशी वाटते, पैसे मोजावे लागतात, जिना चढताना पायऱ्या मोजल्या जातात. खेळाच्या कोपऱ्यात कागद, पेन्सिली, जुनी पाकिटं, मोजपट्टी ठेवा आणि मुलाच्या गिरगोट्यांना 'काय लिहिलंयस, वाचून दाखव' म्हणा. फ्रीडरिश फ्रॉबेल यांनी १८३७ साली जर्मनीत मुलांसाठी खेळावर उभी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. बालवाडी निवडताना हे ध्यानात असू द्या. भिंतीवरची चित्रं सगळी एकसारखी आहेत की प्रत्येकाची वेगळी, सलग खेळायला किती वेळ मिळतो, मुलं रोज बाहेर जातात का, आणि शिक्षिका मुलांशी बोलताना खाली बसतात का, एवढं बघा.

कधी सल्ला घ्यायचा

प्रत्येक मुलाचा वेग वेगळा असतो, तरी काही गोष्टी दिसल्या तर थांबू नका. वर्षाचं झालं तरी बडबड नाही, बोट दाखवणं किंवा हात हलवून टाटा करणं नाही. दीड वर्षानंतरही तुम्हाला काही आणून दाखवत नाही, नावाने हाक मारल्यावर वळत नाही. दोन वर्षांपर्यंत कुठलंच सोंग, बाहुलीला भरवणं वगैरे नाही, किंवा दोन शब्द जोडून बोलत नाही. वस्तूंची फक्त रांग लावणं किंवा चाक फिरवत राहणं एवढाच खेळ दिवसभर चालतो आणि कुणी सामील झालेलं खपत नाही. आणि कुठल्याही वयात, येत असलेलं बोलणं किंवा कौशल्य हरवू लागलं तर लगेच. यातली एखादी खूण दिसली म्हणजे काही बिघडलंच आहे असं नव्हे, पण बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ऐकू येतं का तेही तपासून घ्या. 'बोलेल हळूहळू' म्हणून वर्ष घालवू नका, मदत जितकी लवकर मिळेल तितका तिचा उपयोग जास्त होतो. जाताना मूल घरी कसं खेळतं त्याचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घेऊन जा. दवाखान्यात मूल घाबरलेलं असतं, त्याचा खरा खेळ तिथे दिसत नाही.